चिनी सुई आणि रिकामी कूस

चौदाव्या शतकात चीनच्या चच्यांग प्रांतात, ईवू गावी, चू तान्शी नावाचा एक वैद्य होऊन गेला. तिशी गाठेपर्यंत त्याचा वैद्यकाशी काही संबंध नव्हता. आईचे पोटाचे दुखणे गावच्या वैद्यांच्या हातून बरे होईना, तेव्हा या गृहस्थाने जुने ग्रंथ उघडले आणि स्वतःच औषधयोजना करू लागला. पुढे त्याची कीर्ती एवढी पसरली की, १३५८ मध्ये तो वारल्यावर त्याची वचने शिष्यांनी गोळा केली आणि शतकानंतरही त्यांचे ग्रंथ छापले जात होते. अशाच एका ग्रंथात अपत्यहीन स्त्रियांविषयी चार-दोन ओळी आहेत. त्यांचा आशय असा: ज्या बायका अंगाने स्थूल आहेत, खाऊनपिऊन सुखी आहेत, त्यांची पाळी नियमाने येत नाही आणि गर्भ राहत नाही, कारण अंगातली चरबी ओसंडून गर्भाशयाची वाट बंद करते. अशांचा ओलावा आणि कफ सुकवावा. ज्या रोड आणि तापट आहेत त्यांची गोष्ट निराळी. त्यांचे गर्भाशय कोरडे पडलेले असते, त्यांना रक्त शांत करणारी औषधे द्यावीत.

औषधेही त्याने सांगितली आहेत. कफ सुकवण्यासाठी अळू-सुरणाच्या कुळातले, कच्चे खाल्ले तर घसा धरणारे कंद. रोड बायकांसाठी जी मुळे सांगितली आहेत त्यांत एक आपल्या चांगल्या ओळखीचे आहे. चिनी लोक त्याला श्यांगफू म्हणतात. आपण त्याला नागरमोथा म्हणतो आणि दिवाळीच्या पहाटे उटण्यात घालून अंगाला चोळतो.

आजच्या कोणत्याही स्त्रीरोगतज्ज्ञाला या ओळी वाचून दाखवल्या, तर त्याच्या मनात एकच नाव येईल: पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. नाव लांबलचक आहे, पण ते आता घरोघर पोहोचले आहे. कॉलेजातल्या मुलीही ‘मला पीसीओडी आहे’ असे सर्दी झाल्यासारखे सांगतात. या विकारात शरीरातले पुरुषी संप्रेरक प्रमाणाबाहेर वाढते, अंडाशयात बीजे पिकू लागतात पण पुरती पिकत नाहीत, आणि अर्धवट वाढलेल्या त्या बीजपुटिका मोत्यांच्या सरीसारख्या अंडाशयाच्या कडेने दिसतात. पाळी लांबते, चेहऱ्यावर लव येते, पुष्कळींचे वजन वाढते आणि रक्तातल्या साखरेचा हिशेब बिघडतो. काही जणी मात्र चू तान्शीच्या दुसऱ्या वर्गासारख्या शेलाट्याच राहतात. मूल होण्याच्या वयातल्या दर दहा बायकांत साधारण एकीला हा विकार असतो.

मात्र येथे जरा थांबले पाहिजे. जुन्या पोथीत नवा रोग सापडला की आपल्याला फार आनंद होतो. आपल्याकडे तर हा छंदच आहे. चू तान्शीने अंडाशय कधी पाहिले नव्हते. अंडाशय नावाचे वेगळे इंद्रिय चिनी शास्त्रात नव्हतेच. त्याने जे पाहिले ते बाहेरून: जाड बाई, चुकणारी पाळी, रिकामा पाळणा. या तीन गोष्टी एका सुतात ओवल्या, यात त्याची नजर दिसते. पण चरबीने गर्भाशयाचे दार बंद होते ही उपपत्ती झाली, दर्शन नव्हे. नजर खरी असू शकते आणि उपपत्ती चुकीची, हे वैद्यकाच्या इतिहासात पानोपानी आढळते.

अंडाशय प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहणारे लोक दूरच्या इटलीत निघाले. १७२१ मध्ये वालिस्नेरी नावाच्या पंडिताने एका तरुण, विवाहित, काहीशा स्थूल आणि निपुत्रिक शेतकरणीचे वर्णन लिहून ठेवले. तिची अंडाशये मोठी, उंचसखल, पांढरी आणि चकचकीत होती. आकार कबुतराच्या अंड्याएवढा. त्यानंतर दोनशे वर्षांनी, १९३५ मध्ये, शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या डॉक्टरांनी अशा सात बायकांची हकीकत प्रसिद्ध केली. अंडाशयाचा थोडा भाग कापून काढल्यावर सातही जणींची पाळी पूर्ववत झाली आणि दोघींना दिवस राहिले. पुष्कळ वर्षे हा विकार याच दोघांच्या नावाने ओळखला जाई. म्हणजे एका टोकाला चीनमधला कफ, दुसऱ्या टोकाला शिकागोतली सुरी, आणि मध्ये तीच बाई.

त्या बाईकडे चिनी वैद्यक कसे पाहत होते, हे समजून घेण्यासारखे आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘ह्वांगदी नेइजिंग’ या आद्य ग्रंथात स्त्रीचे आयुष्य साताच्या पाढ्याने मोजले आहे. सातव्या वर्षी दात बदलतात, चौदाव्या वर्षी ऋतू येतो, एकुणपन्नासाव्या वर्षी तो जातो. पुरुषाचा पाढा आठाचा. आपल्या सुश्रुताने बारा ते पन्नास हा काळ सांगितला आहे. हिमालयाच्या दोन्ही बाजूंना बसून लोकांनी एकच गोष्ट मोजली आणि उत्तर जवळजवळ सारखे आले, याची मला मोठी मौज वाटते.

सातव्या शतकात सुन सिम्याओ या थोर वैद्याने आपल्या प्रचंड ग्रंथात स्त्रियांचे आजार शेवटी न ढकलता अगदी सुरुवातीला घेतले. स्त्रीचा आजार बरा करणे पुरुषाच्या आजाराहून दहापट अवघड, असे त्याचे मत होते. १२३७ मध्ये छन त्झमिंग याने स्त्रीरोगांवर एक समग्र ग्रंथ रचला आणि त्यात पहिल्या प्रकरणापासून पाळीचा विचार केला. पाळी नीट तर पुढचे सारे नीट, हे सूत्र त्या वैद्यकाने कधी सोडले नाही. आपल्याकडे आजही मुलीची पाळी हा घरातल्या चार बायकांनी दबल्या आवाजात बोलण्याचा विषय आहे. ते लोक त्यावर सातशे-आठशे वर्षांपूर्वी जाडजूड ग्रंथ लिहीत होते, हे नमूद केले पाहिजे.

पण हे लिहिणारे सगळे पुरुष. कुलीन घरातल्या स्त्रीने परक्या पुरुषापुढे किती यायचे, किती बोलायचे, याला मर्यादा होत्या. नाडी हाती लागे, पण हकीकत लागत नसे. सुन सिम्याओच्या ‘दहापट अवघड’मध्ये या अडचणीचाही वाटा असावा, असे मला नेहमी वाटत आले आहे.

म्हणूनच थान युन्श्येन या बाईंची गोष्ट जरा सविस्तर सांगते. चीनच्या वूशी गावी १४६१ मध्ये त्या जन्मल्या. घराणे अधिकाऱ्यांचे आणि विद्येचे. वैद्यक मात्र त्यांना वडिलांकडून नव्हे, तर आजीकडून मिळाले. आजीने नातीची बुद्धी हेरली, लहानपणापासून ग्रंथ पाठ करून घेतले आणि मरताना आपली पुस्तके तिच्या हवाली केली. आजी गेल्यावर नात फार आजारी पडली. शेवटची तयारी करावी अशी अवस्था झाली. तेव्हा स्वप्नात आजी आली. अमक्या ग्रंथाच्या तमक्या भागात तुझे औषध आहे, तू मरणार नाहीस, तू त्र्याहत्तर वर्षे जगशील आणि माझी विद्या लोकांच्या कामी आणशील, असे तिने सांगितले. युन्श्येन बऱ्या झाल्या आणि बायकांना औषध देऊ लागल्या. पन्नाशी आल्यावर त्यांच्या मनात आले, आजीने दिलेल्या वर्षांपैकी दोन तृतीयांश तर संपली; आता लिहून ठेवले पाहिजे. १५११ मध्ये त्यांचे छोटेसे पुस्तक निघाले. बाईमाणसाने छापखान्याच्या व्यवहारात पडायचे नाही, म्हणून ते काम मुलाने केले. आजीचा हिशेब मात्र चुकला: त्र्याहत्तर कसली, युन्श्येन नव्वदी ओलांडून १५५६ मध्ये वारल्या.

त्या पुस्तकात एकतीस रोग्यांच्या हकीकती आहेत आणि सगळे रोगी स्त्रियाच आहेत. श्रीमंतांच्या घरच्या आहेत, तशा अंगमेहनत करणाऱ्याही आहेत. पुरुष वैद्यांच्या ग्रंथात रोग असतो. येथे बाई दिसते. अमकीने किती श्रम केले, कोणाशी भांडली, कोणत्या दुःखाने तिचे अन्न तुटले, हे त्या विचारतात. एक बत्तीस वर्षांची स्त्री त्यांच्याकडे आली. आधी बाळंतपणे झालेली, मग दहा वर्षे दिवस गेले नाहीत. पोटी मुलगा नाही म्हणून जीव झुरणीला लागलेला. युन्श्येन यांनी खोदून विचारले तेव्हा कळले की नवऱ्याला बाहेरचे नाद आहेत आणि नेमके पाळीच्या दिवसांत घरात कडाक्याचे भांडण झाले होते. त्यानंतर औषधांची नावे येतात आणि अंगावर कोठे कोठे डागायचे ती ठिकाणे येतात. पण आधी प्रश्न आहे. कूस उजवत नाही म्हणून आलेल्या बाईला ‘घरात काय चालले आहे?’ असे विचारणारे त्या काळी दुसरे कोण असेल?

प्रश्न क्षुल्लक नव्हता. जुन्या चिनी कायद्यात नवऱ्याने बायकोला टाकण्याची जी सात कारणे मान्य होती, त्यांत मुलगा न होणे हे एक होते. टाकले नाही तरी दुसरी घरात येई. आपल्याकडेही निराळे काय होते? नवससायास, उपासतापास, पिंपळाच्या प्रदक्षिणा, आणि एवढे करून ओटीभरणाच्या वेळी ‘तिला पुढे करू नका’ अशी कुजबुज. वांझ हा शब्द स्त्रीलिंगीच वापरायचा, हे दोन्ही देशांत ठरलेले होते. अशा जागी जो कोणी औषध घेऊन उभा राहतो, त्याच्या हातात फार मोठी सत्ता येते.

आता सुईकडे वळू. युन्श्येन यांनी पुष्कळ ठिकाणी वापरला तो सुईचा नव्हे, तर डागण्याचा उपाय. आपल्या दवण्याच्या जातीची एक वनस्पती असते. तिच्या वाळलेल्या पानांचा कापसासारखा भुगा करून त्याची गोळी ठरावीक जागी जाळतात. खेड्यात पोटदुखीवर डाग देणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे नवल वाटणार नाही. सुई आणि डाग ही चीनमध्ये जुळी भावंडे आहेत आणि त्यांत डाग बहुधा थोरला असावा. १९७३ मध्ये चांग्शा शहराजवळच्या मावांग्दुइ येथे एक थडगे उघडले, ते इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद केलेले होते. त्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे ग्रंथ मिळाले. शरीरातल्या अकरा वाहिन्यांचे वर्णन त्यांत आहे, त्यांवर डागण्याचा उपाय आहे; सुईचे नाव नाही. सुई त्यानंतर आली आणि पुढे मोठी झाली. सुङ घराण्याच्या काळात, १०२७ च्या सुमारास, राजाज्ञेने माणसाच्या उंचीचे दोन काशाचे पुतळे ओतवले, त्यांच्या अंगावर सुया टोचण्याची ठिकाणे भोके पाडून दाखवली. परीक्षेच्या वेळी भोके मेणाने बंद करून आत पाणी भरीत. सुई बरोबर लागली तर पाणी येई. एवढी रोखठोक परीक्षा आमच्या विद्यापीठांना अजून साधलेली नाही!

पण या परीक्षेत काय तपासले जाई? विद्यार्थ्याला जागा ठाऊक आहे की नाही, एवढेच. त्या जागी टोचल्याने रोगी बरा होतो की नाही, हे पुतळा सांगत नसे.

पुढे सुईचे दिवस फिरले. १८२२ मध्ये बादशहाने राजवैद्यांच्या संस्थेतला सुईचा विभागच बंद केला. राजदेहाला टोचणे आणि डागणे शोभत नाही, असे कारण दिले. सुई गावोगावच्या वैदूंच्या हाती राहिली. १९२९ मध्ये तर सारे जुने वैद्यकच मोडीत काढावे असा ठराव सरकारी समितीपुढे आला. त्यावर शांघायमध्ये देशभरच्या वैद्यांनी मोठी सभा भरवली आणि तो बेत हाणून पाडला. त्याच सुमाराला छंग तान्आन नावाच्या वैद्याने शरीररचनाशास्त्राच्या आधाराने सुईची ठिकाणे नव्याने ठरवली, बारीक तारेसारखी सुई रूढ केली आणि वूशी येथे शाळा काढली. वूशी म्हणजे युन्श्येन यांचेच गाव. आज जी केसासारखी सुई ‘प्राचीन चिनी विद्या’ म्हणून आपल्याला दाखवतात, तिच्या प्रसाराला अजून शंभर वर्षे पुरी व्हायची आहेत, हे सांगितले की पुष्कळ मंडळी खट्टू होतात.

यानंतरची हकीकत आपल्या घराजवळून जाते. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते, कलकत्त्याचे बसू होते. १९३९ च्या फेब्रुवारीत ते यानान येथे पोहोचले. कोटणीस शस्त्रवैद्य; जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिकडेच वारले. त्यांच्यावरचा शांतारामबापूंचा चित्रपट आपल्या आईवडिलांच्या पिढीने पाहिलेला आहे. हल्ली सुईच्या दवाखान्यांत त्यांची तसबीर लावलेली दिसते, म्हणून स्पष्ट सांगितलेले बरे: कोटणीसांचे हत्यार शस्त्रवैद्याचे होते, सुई नव्हे. सुई आणली ती विजयकुमार बसूंनी. युद्धानंतर ते पुन्हा चीनला गेले, ती विद्या शिकले आणि १९५९ मध्ये कलकत्त्यात त्यांनी ती सुरू केली. मित्राच्या नावाने त्यांनी ती भारतभर नेली, म्हणून तसबीर.

त्याच यानानमध्ये, चाळीसच्या दशकात, चू ल्येन नावाची एक पाश्चात्य वैद्यक शिकलेली डॉक्टरीण एका जुन्या वैद्याकडून सुई शिकली. गुहांतल्या इस्पितळात औषधे नव्हती, भूल नव्हती. सुई फुकट होती. १९५१ मध्ये तिने ‘नवे सुईशास्त्र’ अशा अर्थाचे पुस्तक लिहिले आणि पेकिंगमध्ये सुईची पहिली सरकारी प्रयोगसंस्था तिच्या हाताखाली सुरू झाली. वाहिन्या आणि प्राणवायू बाजूला ठेवून सुईचा परिणाम मज्जासंस्थेवर होतो, असे ती मांडी. सुईला प्रयोगशाळेत नेण्याची वाट जिने पाडली ती स्त्री होती, आणि तिचे नाव आज कोणाला ठाऊक नाही.

१९७१ नंतर सुई जगभर गेली. निक्सनच्या भेटीआधी पेकिंगला गेलेल्या जेम्स रेस्टन या अमेरिकी वार्ताहराचे अपेंडिक्स तिथे काढावे लागले. शस्त्रक्रिया नेहमीच्या औषधांनी बधिर करूनच झाली. नंतर पोट फुगले तेव्हा सुया टोचल्या आणि आराम पडला. त्याने तसेच लिहिले होते. ऐकणाऱ्यांनी मात्र ‘सुईने भूल देऊन पोट कापले’ अशी कथा करून टाकली. तेव्हापासून सुईला असाध्य काही उरले नाही. तिचा कुशीशी असलेला जुना संबंधही नव्या वेषात परतला: स्वीडनपासून शांघायपर्यंत डॉक्टर पोटावर आणि पायांवर सुया टोचून, त्यांतून सौम्य वीज सोडून, अडलेले बीज सुटते का हे पाहू लागले. उपपत्ती चांगली होती. या विकारात मज्जातंतूंची एक बाजू अतिउत्तेजित असते. सुई तिला शांत करील, अंडाशयाचा रक्तपुरवठा सुधारील. थोड्या थोड्या बायकांवरचे निष्कर्ष आशा लावणारे आले.

माझ्या एका भाचीच्या लग्नाला पाच वर्षे झाली आहेत आणि तिला हाच विकार आहे. गेल्या वर्षी तिने मला विचारले, ‘मावशी, तू इतकं वाचतेस, सुया टोचून घेऊ का? आमच्या शेजारणीला त्यानेच मुलगी झाली.’ महाराष्ट्राने तर या पद्धतीसाठी २०१५ मध्ये स्वतंत्र कायदाही केला आहे, असे तिच्या नवऱ्याचे म्हणणे. कायद्याने व्यवसायाला शिस्त लागते, गुण ठरत नाही, हे मी त्याला सांगितले. पण शेजारणीच्या मुलीला काय उत्तर द्यायचे? ती तर समोर खेळत होती.

उत्तर चीननेच देऊन ठेवले आहे आणि तेही जुन्या वैद्यकाच्या एका विद्यापीठाने. अगदी उत्तरेकडे, हार्बिन शहरात हे विद्यापीठ आहे. तिथल्या डॉक्टरांनी पुढाकार घेऊन चीनमधल्या २१ ठिकाणी, २०१२ ते २०१४ या काळात, हा विकार असलेल्या आणि मूल हवे असलेल्या १,००० स्त्रिया घेतल्या आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा त्यांच्या चार वाटण्या केल्या. एकीला खरी सुई आणि क्लोमिफेनची खरी गोळी. दुसरीला खरी गोळी आणि खोटी सुई. तिसरीला खरी सुई आणि नुसती पिठाची गोळी. चौथीला दोन्ही खोटे. खोटी सुई म्हणजे खांद्या-दंडावर, ग्रंथांत नसलेल्या जागी वरवर टोचलेली, वीज नावापुरती. आपल्याला कोणते मिळाले हे बाईला कळू दिले नाही. आठवड्याला दोनदा, प्रत्येक वेळी अर्धा तास, सोळा आठवडे हे चालले. निष्कर्ष २०१७ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात छापले गेले.

खरी गोळी घेणाऱ्यांत शंभरी २८.७ जणींना मूल झाले, खोटी गोळी घेणाऱ्यांत १५.४ जणींना. खरी सुई टोचलेल्यांत २१.८, खोटी सुई टोचलेल्यांत २२.४. गोळीने प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. सुईने काही फरक पडला नाही. खऱ्या सुईवाल्यांत काळेनिळे डाग मात्र जास्त उमटले.

आक्षेप घेणाऱ्यांनी आक्षेप घेतले. खोटी म्हणून टोचलेली सुई पूर्ण निरुपद्रवी कशावरून? कातडीला कोठेही टोचले तरी मज्जातंतू जागे होणारच. शिवाय प्रत्येक बाईला एकच ठरावीक जागा टोचणे हे जुन्या वैद्यकाला धरून नाही; जाड बाईची वाट वेगळी, रोड बाईची वेगळी, हे चू तान्शीनेच सांगितले होते. हे आक्षेप बोलण्यासारखे आहेत. पण मग ज्यांना सुईचा अभिमान आहे त्यांनी खऱ्या-खोट्या जागांचा आग्रह तरी सोडला पाहिजे, कारण काशाचा पुतळा त्या आग्रहावरच उभा आहे.

मला या आकड्यांत सर्वांत बोलका वाटतो तो चौथ्या वाटणीचा आकडा. जिला गोळीही खोटी मिळाली आणि सुईही खोटी, त्या वाटणीतही शंभरी १६.८ जणींना मूल झाले. म्हणजे साधारण सहांत एकीला, काहीही खरे औषध न देता. या विकारात बीज अडते, पण कायमचे अडत नाही, अधूनमधून सुटते. वांझ या शब्दाचा येथे काही संबंधच नाही. सातशे वर्षे कोणी कंद दिले, कोणी डाग दिले, कोणी मारुतीला शेंदूर लावला आणि कोणी पिंपळाला सूत गुंडाळले; दर सहांतली एक बाई पेढे घेऊन येतच राहिली. वैद्य खोटे बोलत नव्हता, बाईही खोटे बोलत नव्हती. उरलेल्या पाच जणी पेढे घेऊन आल्या नाहीत, आणि जी येत नाही तिची हकीकत कोणत्याच ग्रंथात जात नाही. शेजारणीच्या मुलीचे उत्तर ते हे.

हे सारे मी भाचीला समजावून सांगितले. आता क्लोमिफेनच्याही पुढे लेट्रोझोल नावाची गोळी गेली आहे आणि डॉक्टर आधी तीच देतात. वजन असेल तर थोडे उतरवल्यानेही पाळीची घडी बसू लागते. आणि चू तान्शीच्या स्थूल बायकांबद्दलच्या निरीक्षणाचा जो अंश टिकला आहे तो एवढाच. सुई दुखणाऱ्या मानेसाठी, पाठीसाठी टोचून घ्यायची असेल तर गोष्ट वेगळी. तिथे तिच्या बाजूने बरेच बोलता येते. मूल हवे म्हणून आठवड्याला दोनदा पैसे मोजायचे असतील, तर ते मोजण्याआधी हार्बिनचे आकडे त्या दवाखान्यात दाखव, असे मी म्हटले.

ती कागदावर लिहिलेले आकडे बराच वेळ पाहत बसली. मग म्हणाली, ‘म्हणजे खोटी सुई टोचून घेणारीसुद्धा आठवड्यातून दोनदा अर्धा तास स्वस्थ पडून राहत होती, आणि कोणीतरी तिला कसं वाटतंय ते विचारत होतं.’

‘हो, विचारत असतीलच.’

‘मावशी, आमच्याकडे पाच वर्षांत ते कोणी विचारलं नाही. सगळे तारीख विचारतात.’